आकडीची सुई आणि ‘फावला वेळ’ : क्रोशाच्या लहान वस्तूंचा इतिहास

१/
क्रोशाची सुई प्रथमच हाती धरणाऱ्याची पहिली वस्तू बहुधा लहान असते : केसांची पट्टी, मनगटावरचा बंध, कपाखालची चकती, बटवा, फार तर टोपी. एका दुपारी पूर्ण होणाऱ्या अशा वस्तूंना इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात याच वस्तूंनी एका भीषण दुष्काळात हजारो घरांना आधार दिला आणि स्त्रियांच्या कष्टाला ‘काम’ म्हणावे की ‘छंद’, हा आजही न सुटलेला प्रश्न उभा केला. हिंगोली जिल्ह्याच्या काळ्या मातीपासून गोदावरीच्या मुखापर्यंत जाणारा हा धागा त्या इतिहासाचा.

२/
‘क्रोशे’ हा मूळ फ्रेंच शब्द. अर्थ, लहान आकडी. मराठीत त्याचा ‘क्रोशा’ झाला. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर चढलेली असते; एक टाका निसटला, तर त्याखालच्या ओळी उसवत जातात. क्रोशाचे तसे नाही. येथे सुईवर काम करणारा फासा बहुतांशी एकच असतो. आकडीने धागा ओढायचा, तो त्या फाशातून बाहेर काढायचा, की नवा फासा तयार. मागचे टाके आपोआप बंद होत जातात.

३/
या एका गुणामुळे क्रोशा घरकामाच्या तुकड्यातुकड्यांच्या वेळात बसला. दूध तापेपर्यंत चार खांब, मूल झोपले की एक ओळ, नळाला पाणी आले की काम बाजूला. पुन्हा हाती घेतले, तर जेथे सोडले तेथूनच आरंभ. ना माग लागतो, ना स्वतंत्र जागा, ना मोठे भांडवल. क्रोशाचे हे सर्वांत मोठे बळ होय. पण जे काम ‘मधल्या वेळात’ होते त्याचे मोल कोणी करत नाही. त्यामुळे याच बळाने पुढे विणणारीचे नुकसानही केले.

४/
या सुईचे मूळ शोधताना वाट भारतातून जाते. कच्छ-गुजरातेतील मोची कारागीर चामड्यावर काम करताना आकडीच्या टोकाची आरी वापरत. तीच आरी पुढे ते कापडावर चालवू लागले. कापडाच्या खालून धागा आकडीत अडकवून वर ओढायचा आणि फाशात फासा गुंफत साखळी टाका घालायचा, ही ती रीत. १७व्या शतकात गुजरातेतील असे साखळी टाक्याचे भरतकाम जहाजांतून युरोपात जात होते आणि तेथील श्रीमंतांच्या शयनगृहांत पडदे म्हणून झळकत होते. चांभाराच्या टोचणाला मराठीतही ‘आरी’ म्हणतात, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे.

५/
१८व्या शतकात युरोपातील स्त्रियांनी ही रीत उचलली. ढोलकीच्या तोंडावर कातडे ताणावे तसे गोल चौकटीवर कापड ताणले जाई, म्हणून फ्रेंचांनी तिला ‘तांबूर’ म्हणजे ढोल असे नाव दिले. १७७० मध्ये सेंट-ऑबिन या फ्रेंच भरतकाम-रेखाटनकाराने आपल्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले. फ्रान्सचा राजा १५वा लुई याची सखी मादाम द पोंपादूर हिचे द्रुए या चित्रकाराने १७६३-६४ मध्ये काढलेले प्रसिद्ध चित्र अशाच चौकटीजवळ बसलेले आहे. मोच्याची आरी राजदरबारात पोहोचली ती अशी.

६/
यानंतरची पायरी सोपी, पण क्रांतिकारक होती. कापडच काढून टाकले तर? साखळी टाका कापडाच्या आधाराशिवाय, हवेतच घातला, की क्रोशा झाला. क्रोशाचा उगम अरबस्तानात, दक्षिण अमेरिकेत की चीनमध्ये, याविषयी अनेक तर्क मांडले गेले. डेन्मार्कच्या अभ्यासक लिस पालुदान यांनी ते तपासले, तेव्हा १८०० पूर्वीच्या युरोपात क्रोशाचा ठोस पुरावा मिळत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे ‘पुरातन’ वाटणारी ही कला, आजच्या रूपात, पेशवाईच्या अखेरीच्या काळाइतकीच जुनी आहे.

७/
क्रोशाचे पहिले छापील नमुने कशाचे होते? ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकाने १८२३ च्या सुमारास ते प्रसिद्ध केले आणि ते होते पैशांच्या बटव्यांचे. चादर नव्हे, अंगरखा नव्हे. हाताच्या मुठीत मावणारा बटवा. नवशिक्या व्यक्तीने लहान वस्तूपासून आरंभ करावा हा संकेत क्रोशाच्या छापील इतिहासाइतकाच जुना आहे. पुढे युरोपभर कॉलर, बाह्यांची किनार, हातमोजे आणि पिशव्या यांच्या नमुन्यांची पुस्तके निघाली.

८/
आता धाग्याचे दुसरे टोक : हिंगोली. सुई-दोऱ्याचे नाते या भूमीला नवे नाही. हिंगोली तालुक्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि नामदेव शिंपी कुळातले. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. ब्रिटिशांच्या काळात हिंगोली शहराची ओळख दोन गोष्टींमुळे होती : हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी आणि कापसाची बाजारपेठ.

९/
छावणीचे महत्त्व १९०३ मध्ये ती फौज भारतीय सैन्यात विलीन झाल्यावर ओसरले. कापूस मात्र राहिला. वेचणीला स्त्रिया, सरकी काढायला जिनिंग, गाठी बांधायला प्रेस आणि पुढे मुंबई बंदर, असा या भागातील कापसाचा प्रवास होता. यात एक विसंगती दडलेली आहे. ज्या प्रदेशात कापूस पिकत होता, त्याच प्रदेशातील घरात क्रोशासाठी लागणारा बारीक, चकचकीत धागा मात्र दुकानातून, परदेशी शिक्का असलेल्या रिळाच्या रूपात विकत आणावा लागे.

१०/
याचे कारण तंतूच्या लांबीत आहे. बारीक आणि मजबूत दोरा कातायला लांब धाग्याचा कापूस लागतो. त्यासाठी इंग्लंड-स्कॉटलंडचे कारखानदार अमेरिकेच्या किनाऱ्यावरील बेटांचा आणि इजिप्तचा कापूस पसंत करत. भारतातील बहुतेक देशी वाण आखूड धाग्याचे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा पुरवठा तुटला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी भारतीय कापूस घेतला खरा, पण नाइलाजाने. नांदेड-परभणी पट्ट्यातील ‘गावरानी’ हा देशी वाणांमध्ये लांब धाग्यासाठी नावाजलेला. तरीही रिळाच्या दोऱ्याची बाजारपेठ विलायतेच्याच हाती राहिली.

११/
ही रिळे बनवणारे एक मोठे केंद्र म्हणजे स्कॉटलंडमधील पेस्ली. त्या गावाचा भारताशी आणखी एक ऋणानुबंध आहे. काश्मिरी शालींची नक्कल करून पेस्लीचे विणकर श्रीमंत झाले. म्हणूनच आपली कोयरी जगभर ‘पेस्ली’ या नावाने ओळखली जाते. नेपोलियनच्या युद्धकाळात रेशीम दुर्मिळ झाले, तेव्हा तेथील क्लार्क घराण्याने रेशमाऐवजी गुळगुळीत सुती दोरा तयार केला. पुढे कोट्स हे दुसरे घराणे या धंद्यात उतरले आणि १८९६ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या.

१२/
धाग्याची चकाकी हा आणखी एक शोध. जॉन मर्सर याने सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करण्याचे पेटंट १८५० मध्ये घेतले. १८९० मध्ये होरेस लो याने ती प्रक्रिया सूत ताणून धरून केली आणि सुताला रेशमासारखे तेज आले. ‘मर्सराइज्ड’ हा शब्द आजही रिळाच्या कागदावर छापलेला असतो तो मर्सरच्या नावावरून. भारतात मदुरा मिल्स आणि कोट्स यांचे १९७४ मध्ये एकत्रीकरण झाले. ‘अँकर’चा धागा मराठी घरांत क्रोशाशी जवळजवळ समानार्थी झाला तो याच परंपरेतून.

१३/
साधन आणि धागा स्वस्त झाले. पण या कलेला पोटापाण्याशी जोडले ते एका दुष्काळाने. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भूक व रोगराईने मेली. जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्क परिसरातील जोगिणींच्या मठांनी मुलींना क्रोशा शिकवायला घेतला. १८४७ मध्ये क्लोन्स या गावी तेथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिने दुष्काळग्रस्तांसाठी हेच काम उभे केले.

१४/
हेच काम का? कारण व्हेनिसची मूळ सुईची लेस करायला अतोनात वेळ लागे. क्रोशाने तिच्यासारखी दिसणारी लेस त्याहून पुष्कळ लवकर होई. काम वाटूनही घेता येई. एका घरी गुलाब, दुसऱ्या घरी तिपानी, तिसऱ्या घरी पाने. मग हे सुटे तुकडे जाळीने जोडून कॉलर किंवा झालर तयार होई. कोणालाच संपूर्ण वस्तू करावी लागत नसे. दुपारभरात होणारे एक फूल हे त्या घरच्या भाकरीचे साधन झाले. काही कुटुंबांनी याच कमाईतून अमेरिकेच्या जहाजाचे भाडे जमवले.

१५/
याच काळात रिएगो द ला ब्रांशारदिएर या लेखिकेच्या नमुना-पुस्तकांनी आयरिश क्रोशाला मोठी प्रसिद्धी दिली. राणी व्हिक्टोरियाही क्रोशा करत असे, त्यामुळे त्याला प्रतिष्ठा लाभली. मात्र येथे एक दुभंग दिसतो. राणीच्या हाती क्रोशा हा करमणुकीचा प्रकार होता आणि क्लोन्सच्या झोपडीत तो मजुरीचा. सुई तीच, टाका तोच. पाहणाऱ्यांनी मात्र दोन्हींना ‘बायकांचा फावला वेळ’ हेच नाव दिले.

१६/
आता पुन्हा भारत. हिंगोली जिल्ह्यातून वाहणारी, सिद्धेश्वर धरणाने अडवलेली पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. उत्तर सीमेवरची पैनगंगाही वर्धा आणि प्राणहिता यांच्यामार्गे गोदावरीतच जाते. ही गोदावरी आंध्रात समुद्राला भेटते तेथे, तिच्या वसिष्ठ शाखेच्या काठी, नरसापूर आहे. १९व्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांमुळे गोदावरीच्या त्या प्रदेशात क्रोशा रुजला आणि नरसापूर हे भारतातील क्रोशा-लेसचे सर्वांत मोठे केंद्र बनले. नदीच्या वरच्या अंगाला कापूस, खालच्या अंगाला लेस. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले.

१७/
या गौरवामागचे वास्तव जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नरसापूरच्या अभ्यासात उघड केले. घरची सर्व कामे सांभाळून स्त्रिया रोज कित्येक तास लेस विणत. माल परदेशी जाई, परकीय चलन येई. पण दलाल आणि निर्यातदार पुरुष. विणणाऱ्या मात्र ‘गृहिणी’. त्यांचे काम ‘फावल्या वेळातले’ ठरवले गेल्याने मोबदला शेतमजुरीच्या किमान दराहूनही कमी. शेतावर न जाता घरात बसून काम करण्यात जी प्रतिष्ठा मानली जाई, तीच त्यांना स्वस्त मजूर बनवत होती. मीस यांनी या प्रक्रियेला ‘गृहिणीकरण’ म्हटले.

१८/
महाराष्ट्रात सुईकामाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी घडत होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापला. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सेवासदन सुरू झाले. सेवासदनात शिवण-भरतकामाचे वर्ग चालत. विधवा आणि निराधार स्त्रीला स्वतःचे चार पैसे मिळावेत, तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, हा अशा वर्गांमागचा हेतू होता. येथे सुई शोभेसाठी नव्हती; ती स्वावलंबनाचे साधन होती.

१९/
मराठी घरांनी क्रोशाला स्वतःची परिभाषा दिली : साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. नमुने पुस्तकातून कमी आणि नजरेतून अधिक पसरले. शेजारणीचा रुमाल समोर धरायचा, भोके मोजायची आणि तसाच उतरवायचा. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही हे साधत असे. त्यातून दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, रेडिओवरचे आच्छादन, बाळंतविड्यातले टोपडे आणि मोजे, नमाजाची जाळीदार टोपी असे घराघरांतले एक जग उभे राहिले. धर्म आणि जात वेगळी, पण टाका एकच.

२०/
सर्वांत सोपी वस्तू म्हणजे मनगटावरचा बंध. मनगटाला पुरेल इतकी साखळी विणायची, एक साखळी जादा घालायची, काम उलटवायचे आणि सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीपासून प्रत्येकीत एक मुका खांब घालत शेवटापर्यंत जायचे. दोन्ही टोकांचा धागा बांधण्यापुरता लांब सोडला की बंध तयार. हीच पट्टी रुंद आणि लांब केली की केसांची पट्टी होते. मोच्याच्या आरीने कापडावर उठणारी साखळी ती हीच. फक्त खालचे कापड नाही.

२१/
गोल वस्तूंचे रहस्य गणितात आहे. मुक्या खांबांची सपाट चकती हवी असेल, तर पहिल्या फेरीत ६, दुसरीत १२, तिसरीत १८, चौथीत २४. प्रत्येक फेरीत ६ खांबांची वाढ. वाढ थांबवली, की कडा वर वळतात आणि चकतीची टोपी होते. वाढ प्रमाणाबाहेर केली, तर कडेला चुण्या पडून फुलाच्या पाकळ्या होतात. कपाखालची चकती, टोपी आणि फूल यांत फरक आहे तो एवढाच. पाढे न शिकलेल्या असंख्य स्त्रियांच्या बोटांना हा हिशेब पाठ होता.

२२/
या चुण्यांनी पुढे विद्यापीठात प्रवेश केला. वक्र अवकाशाची ‘हायपरबोलिक’ भूमिती कागदावर दाखवणे कठीण. कागदी प्रतिकृती लगेच फाटत. १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गणितज्ञ डायना टायमिना यांनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवत क्रोशाची टिकाऊ प्रतिकृती विणली. विद्यार्थ्यांना ती हातात धरून, दुमडून तपासता आली. रुमालाच्या झालरीत आजीबाई जी चुणी सहज घालत, तिच्यातली भूमिती अशी वर्गात मान्य झाली.

२३/
मराठवाड्याच्या इतिहासात ‘काम’ या शब्दाची कसोटी लागली ती १९७२ च्या दुष्काळात. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीचा भाग होता. दुष्काळी कामांवर हजारो स्त्रियांनी खडी फोडली, माती वाहिली. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडणारीचे नाव हजेरीपटावर लागले. तिला मजुरी मागण्याचा हक्क मिळाला. तीच बाई संध्याकाळी घरी बसून जे विणेल, त्याला मात्र कोणताही हजेरीपट नव्हता.

२४/
हा प्रश्न आजही मिटलेला नाही. विणकामाची यंत्रे पुष्कळ आहेत; पण हाताच्या क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र बाजारात आलेले नाही. म्हणजे बड्या दुकानात अत्यल्प किमतीला मिळणारी क्रोशाची पिशवीसुद्धा कोणाच्या तरी बोटांनी तासन्‌तास विणलेली असते. बचत गटांच्या प्रदर्शनांत की-चेन, केसांचे रबर, फुले मांडलेली दिसतात. समजा, तीन तासांची पट्टी १०० रुपयांना विकली आणि सूत २५ रुपयांचे. तर विणणारीला तासाचे २५ रुपये पडले. घासाघीस करण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहावा.

२५/
वस्त्रांच्या इतिहासात सर्वांत आधी हरवते ते विणणारीचे नाव. सूत कुजते, रुमाल फाटून पायपुसण्यात जातो आणि संग्रहालयात पोहोचलाच, तरी पाटीवर ‘अज्ञात’ असे लिहिले जाते. हे टाळणे घरच्या घरी शक्य आहे. जुना क्रोशाचा रुमाल असेल, तर तो स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, मऊ सुती कापडात ठेवावा. घडी अधूनमधून बदलावी. सोबत एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : कोणी विणला, कोणत्या गावी, साधारण कोणत्या वर्षी आणि नमुना कोणाकडून घेतला. विणणाऱ्या आजी, मावशी किंवा खाला हयात असतील, तर हे त्यांनाच विचारून आजच लिहून घ्यावे.